ओजुक्वूला नेमकं कशासाठी जबाबदार धरायचं?

नीलमोहर

नायजेरियाच्या यादवी युद्धावर अलीकडे बरंच वाचलं आणि एका माणसापाशी येऊन थांबले. चुक्वुएमेका ओडुमेग्वू ओजुक्वू. ३० मे १९६७ रोजी, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, या लष्करी अधिकाऱ्याने नायजेरियाचा पूर्व प्रांत वेगळा करून 'बियाफ्रा' हे नवं राष्ट्र जाहीर केलं. पुढच्या अडीच वर्षांत किती माणसं मेली याचे अंदाज पाच लाखांपासून तीस लाखांपर्यंत जातात. त्यातली बहुतेक गोळीने नाही, भुकेने मेली, आणि त्यात मुलं सगळ्यात जास्त होती.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे वाद नीट घालता येईल. तो फुटून निघाला याचा दोष मी त्याला देत नाही. १९६८ च्या मध्यानंतर, लढाई हरल्यातच जमा असताना, त्याने ती चालू ठेवली आणि अन्नाच्या वाटा नाकारल्या, त्याचा देते.

ज्यांना हा इतिहास माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वडील सर लुई ओजुक्वू मालवाहतुकीच्या धंद्यात गब्बर झालेले, नायजेरियातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक. मुलगा लागोसच्या (तेव्हाची राजधानी) किंग्ज कॉलेजात, मग इंग्लंडात एप्सम कॉलेजात आणि ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजात इतिहास शिकला. परत आल्यावर वडिलांच्या गादीवर बसला नाही. आधी सरकारी प्रशासनात उमेदवारी केली आणि १९५७ मध्ये सैन्यात गेला. त्या सैन्यात पदवीधर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

१५ जानेवारी १९६६ ला काही तरुण मेजरांनी उठाव केला. पंतप्रधान अबुबकर तफावा बलेवा आणि उत्तरेचे सर्वेसर्वा अहमदु बेलो मारले गेले. उठाव करणाऱ्यांत इग्बो (पूर्व प्रांतातला सर्वांत मोठा समाज) जास्त, मारले गेलेले बहुतेक उत्तरेचे आणि पश्चिमेचे, त्यामुळे 'हा इग्बोंचा कट' अशी समजूत उत्तरेत घट्ट बसली. ओजुक्वू स्वतः इग्बो, पण त्या वेळी उत्तरेतल्या कानो शहराच्या पलटणीचा प्रमुख होता आणि त्याने बंडखोरांना साथ दिली नाही. हे लोक विसरतात. पुढे देशाचा कारभार हाती आलेल्या जनरल इरोन्सीने त्याला पूर्व प्रांताचा लष्करी राज्यपाल नेमलं. जुलैत उलटा उठाव होऊन इरोन्सी मारला गेला आणि याकुबू गोवोन सत्तेवर आला. मे महिन्यात उत्तरेत इग्बोंच्या कत्तली झाल्याच होत्या, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याहून भयंकर झाल्या. हजारो मेले, दहा लाखांहून जास्त माणसं होतं नव्हतं टाकून पूर्वेकडे पळून आली. सरकारला ती थांबवता आली नाहीत, आणि कित्येक ठिकाणी मारणारे सरकारचेच शिपाई होते. अशा सरकारखाली राहायचं नाही असं एखाद्या समाजाला वाटलं, तर त्याला मी देशद्रोह म्हणणार नाही.

पण मे १९६८ मध्ये पोर्ट हारकोर्ट पडलं आणि बियाफ्राचा समुद्र तुटला. चहूबाजूंनी वेढा. त्या वर्षी गोवोनने जमिनीवरून अन्न पाठवायचा रस्ता देऊ केला, ओजुक्वूने नाकारला. सप्टेंबर १९६९ मध्ये रेड क्रॉसने लागोसशी दिवसा विमानं उतरवण्याचा करार केला, तोही त्याने नाकारला. त्याच सुमारास जिनिव्हातली मार्कप्रेस ही प्रसिद्धी संस्था बियाफ्राच्या पगारावर काम करत होती आणि सुकलेल्या मुलांची छायाचित्रं जगभर पोचत होती. ज्या भुकेवर जगाची सहानुभूती उभी होती, ती भूक कमी करणारा मार्ग राज्यकर्ता स्वतःच बंद करतो, हे मला पटवून घेताच येत नाही.

तुम्हाला काय वाटतं?

लागोसवासी

नीलमोहरताई, मांडणी छान आहे, पण पहिल्याच पायरीवर तुम्ही त्याला सोडून दिलंत आणि माझा विरोध तिथेच आहे. मी लागोसमध्ये नोकरी करतो. माझे सहकारी इग्बो आहेत तसे इजॉ आणि इबिबिओही आहेत. 'पूर्वेच्या जनतेने वेगळं व्हायचं ठरवलं' असं म्हटलं की हे दुसरे लोक लगेच विचारतात, आम्हाला कोणी विचारलं होतं?

पूर्व प्रांत म्हणजे फक्त इग्बो नव्हे. तिसऱ्या हिश्शाहून जास्त लोकसंख्या इजॉ, एफिक, इबिबिओ, ओगोनी अशा समाजांची होती. आणि तेलाचा मोठा साठा, पोर्ट हारकोर्ट आणि कालाबारची बंदरं, हे सगळं मुख्यतः त्यांच्या भागात. इग्बोंवर अत्याचार झाले म्हणून इजॉंची जमीन आणि तेल घेऊन नवं राष्ट्र काढायचं, हा कुठला न्याय?

आयझॅक बोरो हे नाव ऐकलंय का? हा इजॉ तरुण फेब्रुवारी १९६६ मध्ये 'नायजर डेल्टा प्रजासत्ताक' जाहीर करून जंगलात लढायला उतरला. बारा दिवसांत मोडून काढला, देशद्रोहाचा खटला चालला, फाशीची शिक्षा झाली. त्या वेळी पूर्वेचा राज्यपाल कोण? ओजुक्वूच. इजॉंनी स्वातंत्र्य मागितलं तर फास, आणि त्यानंतर सव्वा वर्षाने ह्याने मागितलं तर तो मुक्तिदाता! गोवोनने बोरोला सोडलं, तो केंद्राच्या बाजूने लढला आणि १९६८ मध्ये मारला गेला.

आता तारखा बघा. २७ मे १९६७ ला गोवोनने चार प्रांत मोडून बारा राज्यं केली. त्यात पूर्वेची तीन झाली, म्हणजे अल्पसंख्यांना त्यांची स्वतःची राज्यं मिळाली. तीन दिवसांत ओजुक्वूने स्वातंत्र्य जाहीर केलं. कत्तली होऊन तेव्हा सात महिने उलटले होते. घाई झाली ती तेलाचा प्रदेश हातून निसटतोय हे दिसल्यावर. माझ्या मते पहिला गुन्हा इथेच आहे, १९६८ नंतरचं सगळं त्याच्या पोटातून आलं.

वाटसरू

लागोसवासी, तारखा तुम्ही बरोबर दिल्यात, पण मधल्या काही सोडल्यात.

४ आणि ५ जानेवारी १९६७. घानातलं आबुरी. घानाचे तेव्हाचे प्रमुख जनरल अंक्रा यांच्या पाहुणचारात गोवोन आणि ओजुक्वू समोरासमोर बसले. ओजुक्वूंनी कागदपत्रांची पूर्ण तयारी केली होती. प्रांतांना मोठी स्वायत्तता आणि महत्त्वाचे निर्णय सगळ्यांच्या संमतीने, असं तिथे ठरलं. फुटून निघण्याची गरजच उरू नये अशी ही तडजोड होती. गोवोन लागोसला परतले, तिथल्या सचिवांनी त्यांना सांगितलं की तुम्ही केंद्रच देऊन आलात, आणि मग पावलं मागे पडू लागली. मार्चमध्ये निघालेल्या आठव्या वटहुकमात आबुरीतलं बरंच होतं, हे मान्य. पण त्यातच एखाद्या प्रांतात आणीबाणी लावायचा अधिकार घुसवला होता, आणि त्यासाठी त्या प्रांताच्या राज्यपालाची संमती लागणार नव्हती. ज्यांच्या माणसांच्या नुकत्याच कत्तली झाल्या त्यांनी यावर सही करायची?

शिवाय २६ मेला पूर्वेच्या सल्लागार सभेने त्यांना स्वातंत्र्य जाहीर करण्याचा अधिकार दिला होता. गोवोनची बारा राज्यं त्यानंतरच्या दिवशीची. म्हणजे तेलाचं गणित दोन्हीकडे होतं. गोवोनना इजॉंचा पुळका त्याच दिवशी का आला, हाही प्रश्न विचारा.

एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. मे १९६६ च्या कत्तलींनंतर पळून आलेल्या इग्बोंना ओजुक्वूंनी स्वतः सांगितलं होतं की उत्तरेत परत जा, आपापल्या कामाला लागा. एकसंध नायजेरियावर त्यांचा विश्वास होता म्हणूनच ना? कानोचे अमीर अदो बायेरो यांना त्यांच्याच काळात पूर्वेतल्या न्सुक्का विद्यापीठाचे कुलपती नेमलं होतं. लोक परत गेले आणि सप्टेंबरमध्ये त्यांच्यातले कित्येक मारले गेले. त्यांनी आपल्याच माणसांना त्या आगीत धाडलं होतं. त्यानंतर हा माणूस लागोसच्या कुठल्याही हमीवर विश्वास ठेवणार नव्हता, आणि कोणी ठेवला असता?

खडकीकर

मी लष्करातून निवृत्त झालोय, म्हणून थोडं त्या बाजूने लिहितो.

लष्करी अधिकाऱ्याचं आयुष्य म्हणून ओजुक्वूकडे बघायचं तर मला त्याचा पाय घसरलेला दिसतो तो जुलै १९६६ मध्ये. इरोन्सीनंतर सेवाज्येष्ठतेने ब्रिगेडियर ओगुंडिपे यायला हवा, गोवोन कसा काय, असं म्हणून त्याने गोवोनचा हुकूम मानायला नकार दिला. नियमाच्या पुस्तकात त्याचं बरोबर होतं. पण ओगुंडिपेचा हुकूम शिपाई मानत नव्हते आणि तो लंडनला निघून गेला. उरला तो गोवोन, उत्तरेचा असूनही हौसा (तिथला सर्वांत मोठा समाज) नाही, मुसलमानही नाही, एका छोट्या समाजातला ख्रिस्ती. देश सांधायला त्यातल्या त्यात बरा माणूस. 'माझ्यापेक्षा कनिष्ठ' हे खुपणं ओजुक्वूच्या मनातून शेवटपर्यंत गेलं नाही असं मला वाटतं. ३१ मार्च १९६७ ला त्याने पूर्वेतला केंद्राचा महसूल ताब्यात घेतला. गणवेशातल्या माणसाने केंद्राचा खजिना अडवला की पुढची पायरी बंदुकीचीच असते.

आता लढाई. ऑगस्ट १९६७ मध्ये त्याच्या फौजा नायजर नदी ओलांडून मध्य-पश्चिम प्रांतात घुसल्या, बेनिन शहर घेतलं, लागोसच्या वाटेवर ओरेपर्यंत गेल्या. मोहिमेचा प्रमुख व्हिक्टर बांजो, पश्चिमेकडच्या योरुबा समाजातला अधिकारी. डाव धाडसी होता, पण मागून कुमक नाही, आणि ज्यांच्या मुलखात शिरले त्यांना विचारलेलं नाही. तोवर तटस्थ राहिलेला योरुबा पश्चिम भाग त्यामुळे पुरता केंद्राकडे गेला. माघार झाली आणि सप्टेंबरमध्ये ओजुक्वूने बांजोसह चौघांना कटाच्या आरोपाखाली गोळ्या घातल्या. त्यातला इफेआजुना हा जानेवारी १९६६ च्या उठावातला एक प्रमुख माणूस. ४ ऑक्टोबरला राजधानी एनुगु पडली. युद्ध सुरू होऊन तीन महिनेसुद्धा झाले नव्हते.

म्हणजे नीलमोहर, तुम्ही १९६८ चं मध्य धरता, मी तर ऑक्टोबर १९६७ धरेन.

जाता जाता, पुण्याशी एक धागा आहे तोही सांगतो. बियाफ्राच्या सैन्याची शरणागती ज्या नायजेरियन सेनानीकडे आली तो ओलुसेगुन ओबासांजो. हा अभियंता अधिकारी १९६५ मध्ये भारतात शिकत होता, वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात आणि आमच्या पुण्यातल्या लष्करी अभियांत्रिकी संस्थेत. जानेवारी १९६६ मध्ये तो घरी पोचला तोच उठावाच्या तोंडावर. आणि २००३ मध्ये ओजुक्वू राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला तेव्हा समोर सत्तेवर असलेला उमेदवार हाच ओबासांजो. ओजुक्वू हरला.

शेवंती

हा सगळा धागा वाचताना १९७१ सारखं आठवतंय. शेख मुजीब यांनी स्वातंत्र्य मागितलं तेव्हा आपण त्याला देश फोडणं म्हटलं नाही, मुक्तिसंग्राम म्हटलं. मेजर झियाउर रहमान यांनी रेडिओवरून घोषणा केली, तेही पाकिस्तानच्या सैन्याची शपथ घेतलेले अधिकारीच की! खडकीकरकाका, शपथ मोडल्याचा ठपका त्यांच्यावर ठेवणार का? भारताने बियाफ्राला मान्यता दिली नाही. जगातून दिली ती टांझानिया, झांबिया, गॅबन, आयव्हरी कोस्ट आणि हैती यांनी. एक जिंकला म्हणून राष्ट्रपिता आणि दुसरा हरला म्हणून गुन्हेगार, असा हिशेब मला तरी मान्य नाही.

लागोसवासी

शेवंती, तुलना करायचीच तर पूर्ण करूया. मुजीब यांच्या मागे निवडणुकीतलं स्पष्ट बहुमत होतं. ओजुक्वूला एका मतदारानेही निवडलं नव्हतं. पूर्व पाकिस्तानात बंगाली एवढे बहुसंख्य होते की 'कोणाच्या जमिनीवर कोणाचं राष्ट्र' हा प्रश्न तितका टोकदार नव्हता. आणि शेजारी एक मोठा देश कोटीभर निर्वासित घेऊन, शेवटी फौज घेऊन उभा राहिला. बियाफ्राच्या शेजारी कोण? कॅमेरून, त्याने सीमा बंद केली. समुद्रात नायजेरियाचं आरमार. ब्रिटन आणि सोव्हिएत संघ, दोघेही एकाच वेळी लागोसला शस्त्रं पुरवत होते. हे सगळं माहीत असणं ही राज्यकर्त्याची जबाबदारी नाही का? न्याय्य मागणीलासुद्धा तडीस नेण्याची ताकद लागते, आणि ती नसताना लाखो लोकांना त्यात ओढणं हाही अन्यायच.

वाटसरू

आता अन्नाचं. मूळ आरोप तोच आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं.

आसाबा. नायजर नदीच्या काठचं इग्बो गाव, बियाफ्राच्या बाहेर. ऑक्टोबर १९६७ मध्ये केंद्राच्या फौजा तिथे आल्या. गावकरी पांढरे पारंपरिक कपडे घालून, 'एक नायजेरिया' म्हणत नाचत स्वागताला निघाले. सैनिकांनी पुरुष आणि मुलगे वेगळे काढले आणि गोळ्या घातल्या. शेकडो मेले. हे शत्रूच्या मुलखात नव्हे, शरण आलेल्यांचं झालं. ही बातमी बियाफ्रात पोचल्यावर 'हत्यार टाका, तुम्हाला काही होणार नाही' या वाक्याला काय किंमत राहिली?

जमिनीवरचा रस्ता नाकारला तो याच भीतीपोटी. अन्न आधी केंद्राच्या ताब्यातल्या मुलखातून येणार. विष कालवलं असेल अशी लोकांची धास्ती होती, आणि ज्या रस्त्यावरून ट्रक येतात त्यावरून रणगाडेही येतात. उपासमार हे युद्धातलं वैध हत्यार आहे असं लागोसचे मंत्री उघडपणे म्हणत होते. वेढा कोणी घातला होता, ओजुक्वूंनी? ५ जून १९६९ ला रेड क्रॉसचं विमान कोणी पाडलं?

आणि सप्टेंबर १९६९ चा करार. दिवसाच्या उड्डाणांमुळे केंद्राच्या लष्करी कारवाईला बाधा येणार नाही, अशी अट लागोसने त्यात ठेवली होती. म्हणजे उलीची धावपट्टी दिवसा विमानांसाठी उघडी ठेवायची, आणि त्याच वेळी केंद्राचं विमान हल्ला करायला मोकळं. उली म्हणजे बियाफ्राची उरलेली मुख्य श्वासनलिका. रुंद केलेला हमरस्ता तो, रात्री दिवे क्षणभर लावायचे, विमान टेकलं की विझवायचे. चर्चच्या संस्थांनी साओ टोमे बेटावरून तिथे ५,००० हून जास्त फेऱ्या केल्या. ती जागा दिवसाढवळ्या दाखवून द्यायची?

हरल्यातच जमा होतं असं म्हणता, तर एप्रिल १९६९ मध्ये उमुआहिया, बियाफ्राची तेव्हाची राजधानी, गेलं त्याच आठवड्यात त्यांच्या सैन्याने ओवेरी शहर परत जिंकलं हे कुठे बसवाल? आज मागे वळून शेवट ठाऊक आहे म्हणून आपण बोलतो.

नीलमोहर

वाटसरू, आसाबाचं तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, ते माझ्या पोस्टमध्ये यायला हवं इतकं महत्त्वाचं आहे. पण त्यामुळे माझा मुद्दा ढळत नाही, आणि का ते सांगते.

उलीवर रात्रीच विमानं उतरावीत हा आग्रह फक्त अन्नासाठी नव्हता. त्याच अंधारात, त्याच धावपट्टीवर गॅबन आणि आयव्हरी कोस्टकडून शस्त्रांची विमानं उतरत होती. अन्नाची विमानं रात्री येतात म्हणून शस्त्रांच्या विमानांना आडोसा मिळत होता. दिवसा फक्त अन्न आलं असतं तर रात्रीची विमानं कशाची ते उघड झालं असतं. म्हणजे ओजुक्वूपुढे निवड होती, अन्न वाढवायचं की आडोसा टिकवायचा. त्याने आडोसा निवडला. वेढा घालणाऱ्याचं पाप मोठं आहे, ते मी कमी लेखत नाहीच. पण दोन सैन्यांच्या मध्ये सापडलेल्या मुलाला दोन्ही बाजूंनी उपाशी ठेवलं असेल, तर दुसऱ्या बाजूलाही जाब विचारावाच लागेल.

त्याच्या भोवतालच्या माणसांनाही हे दिसत होतं. ननामदी अझिकिवे, नायजेरियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष, इग्बोंचे सर्वांत मोठे नेते. सुरुवातीला त्यांनी बियाफ्रासाठी जगभर खटपट केली. १९६९ मध्ये ते केंद्राच्या बाजूला आले आणि लढाई थांबवा म्हणू लागले. त्यांना इग्बोंची काळजी नव्हती असं कोण म्हणेल?

आणि शेवट. जानेवारी १९७० मध्ये सगळं कोसळलं तेव्हा ओजुक्वू उलीहून विमानात बसून आयव्हरी कोस्टला गेला. शांततेच्या शोधात जातोय असं सांगून. मागे राहिला त्याचा दुय्यम अधिकारी फिलिप एफिऑंग. तो इग्बो नव्हता, इबिबिओ होता. लागोसवासींनी ज्या अल्पसंख्यांचा उल्लेख केला त्यांच्यातला. त्याने रेडिओवरून लढाई थांबवल्याचं सांगितलं आणि १५ जानेवारीला लागोसमध्ये शरणागतीच्या कागदावर सही केली. ज्या कत्तलीच्या भीतीने अडीच वर्षं लढले, ती शरणागतीनंतर झाली नाही. गोवोनने 'ना कोणी जेता, ना कोणी जित' असं जाहीर केलं आणि सूडाचे खटले चालवले नाहीत.

लागोसवासी

'ना कोणी जेता' हे घोषणेपुरतं खरं, इथे बाकीचंही सांगायला हवं, मी ओजुक्वूच्या विरोधात असलो तरी. बियाफ्राचं चलन वापरून ज्यांनी बँकेत व्यवहार केले त्यांना, खात्यात कितीही पैसे असोत, फक्त २० पौंड दिले. पोर्ट हारकोर्टमधली इग्बोंची घरं 'बेवारस मालमत्ता' ठरवून इतरांना गेली. माझ्या ओळखीचे एक वयस्कर इग्बो व्यापारी त्या २० पौंडांचं आजही बोलतात, आणि बोलताना त्यांचा आवाज चढतो. ओजुक्वूचं नाव मात्र ते आदराने घेतात. त्याच ऑफिसातला इजॉ सहकारी ते नाव ऐकून गप्प होतो.

खडकीकर

शेवंतीचा प्रश्न राहिला. शपथ झियाउर रहमाननेही मोडली, बरोबर. पण ढाक्यात पाकिस्तानी सैन्य आधी लोकांवर तुटून पडलं आणि मग चितगावहून घोषणा झाली. सैन्य अंगावर आल्यावर अधिकाऱ्याने आपल्या लोकांच्या बाजूने उभं राहणं आणि सात महिने वाटाघाटी, वटहुकूम, महसूल यांच्यानंतर विचारपूर्वक फुटणं, या दोन्हींत मी फरक करतो. ज्याच्याकडे विचार करायला वेळ होता त्याच्याकडून अपेक्षाही जास्त.

नीलमोहर, पलायनाबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. कमांडर शेवटच्या विमानाने जातो आणि दुय्यम अधिकारी शरणागती पत्करतो, याचं समर्थन मला कुठल्याच सैन्यात ऐकायला मिळालेलं नाही.

वाटसरू

काका, ते राहिले असते तर कदाचित गोवोनना खटला भरावाच लागला असता, आणि मग 'ना जेता ना जित' शक्य झालं नसतं. त्यांच्या जाण्याने एफिऑंग यांना शरण जाणं सोपं झालं, हे अनेकांनी मान्य केलंय.

पुढचं आयुष्यही बघा. १९८२ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष शागारी यांनी माफी दिल्यावर ते परत आले. आले ते सत्ताधारी पक्षात गेले, १९८३ मध्ये सिनेटची निवडणूक हरले, मग लष्करी राजवटीने तुरुंगात टाकलं. लागोसमधलं वडिलांचं घर सरकारने बळजबरीने घेतलं तेव्हा ते कोर्टात गेले, आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लष्करी सरकारला सुनावलं की न्यायालयाचा आदेश सरकारलाही पाळावाच लागतो. तिथले वकील आजही तो निकाल आधाराला घेतात. एकेकाळी बंदूक उचललेल्या माणसाने आपला हक्क कायद्याने मिळवला. नोव्हेंबर २०११ मध्ये लंडनला ते वारले, तेव्हा नायजेरियाने त्यांचा अंत्यविधी शासकीय इतमामात केला, आणि त्याला राष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन हजर होते. ते इजॉ आहेत, लागोसवासी.

नीलमोहर

खटला टळला हे मान्य, ते मोलाचंही होतं. पण मग हाच विचार जानेवारी १९६९ मध्ये करता आला असता. बाजूला होऊन, एफिऑंगच्या हाती कारभार देऊन, शांततेच्या शोधात जाणं तेव्हाही शक्य होतं. उमुआहिया पडायच्या आधी, रेड क्रॉसचं विमान पडायच्या आधी. त्या एका वर्षात मेलेल्यांचा जाब मी त्याच्याकडेच मागते, गोवोनकडे मागते त्याच्या जोडीने.